लुदूबायच्या डबीचं झाकण

हा प्रवास मी ठरवला नव्हता, माझ्या भाचीने ठरवला. ग्लोरिया मडगावला असते, शाळेत गणित शिकवते आणि फोनवरसुद्धा फळ्यावर लिहून दाखवल्यासारखं बोलते. ती म्हणाली, मम्मीला आता जवळजवळ काहीच दिसत नाही. मागच्या महिन्यात धुण्याच्या दगडापाशी पडली, हाड वाचलं ते नशीब. माझ्याकडे खोली तयार आहे, बाथरूममध्ये धरायला दांडे बसवून घेतलेत, पण ती यायला तयार नाही. शेवटी म्हणाली, "फिलूमावशी, तू जा आणि तिला घेऊनच ये. तुझं ऐकेल."

ग्लोरियाची मम्मी म्हणजे माझी थोरली बहीण लुदविना, आमची लुदूबाय. आरोंद्याला खाडीकाठी एकटी राहते. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. डोळ्यांत काचबिंदू आहे आणि तो आता ऑपरेशनच्या पलीकडे गेलाय. तिने आयुष्यात माझं कधी काही ऐकलेलं मला आठवत नाही. तरी मी हो म्हटलं. ईस्टर नुकताच होऊन गेला होता, पुण्यात ऊन रणरणत होतं, आणि खाडीचा वारा आठवला की माझा विवेक जरा ढिलाच पडतो.

आरोंदा सावंतवाडीच्या पुढे, आणि सावंतवाडीला जायला पुण्याहून आंबोलीचा रस्ता जवळचा. रात्रीच्या खासगी बसगाड्याही आहेत, सकाळी थेट उतरवतात. मी मात्र दिवसा आणि तुकड्यातुकड्याने जाते. पहाटेची कोल्हापूरची एसटी, तिथून गगनबावड्यावरून तळेरे, आणि तळेऱ्याहून हायवेने खाली. बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे वाचलेल्या पैशांत वाटेत खाता येतं हा माझा हिशेब. घाटाच्या रस्त्याचं काम अधूनमधून निघतं तेव्हा निघण्याआधी कोल्हापूरच्या स्टँडवर चौकशी करा. गाडी सुटली की डावीकडची खिडकी मागून घ्या. घाट उतरताना एका वळणावर हवाच बदलते. वरची कोरडी, खालची ओली, आणि त्या ओल्या हवेला काजूच्या बोंडांचा आंबूस वास. कंडक्टर नुसता "तळेरे, उतरा" म्हणाला तरी मला घरी आल्यासारखं वाटतं.

तळेऱ्याला देवगड-विजयदुर्गाचा फाटा फुटतो, म्हणून तिथे सगळ्या वाटांची माणसं उन्हात उभी असतात. मी उसळ-पाव खाल्ला, वर कोकम सरबत. शेजारच्या बाकावर दोन बायका आंब्याच्या पेटीवर हात ठेवून बसल्या होत्या. एक दुसरीला सांगत होती की सून चांगली आहे पण भात मोकळा करते. दुसरीने इतका खोल सुस्कारा सोडला की मला वाटलं कोणी गेलं.

संध्याकाळी सावंतवाडी. तळ्याकाठी एका साध्या लॉजवर उतरले. खोली स्वच्छ होती, गाद्या पातळ, आणि तळ्याकडची खिडकी मागितलीत तर मच्छरही त्यात धरलेले आहेत हे समजून घ्या. माझं लहानपण या गावात गेलं. वडील शिंपी होते, राजवाड्याच्या अलीकडे त्यांचं दुकान होतं. मी कॉन्व्हेंटमध्ये जायचे, इस्त्रीच्या झालरीचा फ्रॉक, पांढरे मोजे. शाळेची वाट चितारआळीवरून जायची. लाकडी खेळणी आणि डब्या करणाऱ्यांची ती आळी. सकाळी शाळेत जाताना लेथ गुरगुरायला लागलेले असत आणि गरम लाखेचा वास येई. मला तो वास अजूनही प्रार्थनेच्या घंटेशी जोडलेला वाटतो, कारण तो आला की मी उशीर होतोय म्हणून पळायला लागायचे.

लुदूबाय पळायची नाही. ती त्या आळीतच थांबायची. आई आजारी पडली तेव्हा तिची शाळा सुटली, आणि ती चिताऱ्यांकडे डब्यांवर फुलं रंगवायला जाऊ लागली. मी इंग्रजी कविता पाठ करत घरी यायचे तेव्हा ती अंगणात बसून नखांतला रंग काढत असायची.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने आरोंदा गाठलं. स्टँडवरच्या फलकापेक्षा चौकशीच्या खिडकीवर विश्वास ठेवा, आणि खिडकीपेक्षा बाकावर बसलेल्या म्हाताऱ्यांवर. मळेवाडच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काजू आणि मग अचानक माड, आणि माडांच्या मागे खाडी. पलीकडचा काठ गोव्याचा.

लुदूबाय पडवीत बसून काजूच्या ओल्या बिया सोलत होती. हाताला तेल लावलेलं, समोर राखेची ताटली. माझ्या चपलांच्या आवाजावरून तिने ओळखलं. म्हणाली, "इलंस? तुका तिने धाडल्यान मां?" मी म्हटलं, हो, धाडलं. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. तिने पायाने पाट माझ्याकडे सरकवला आणि मलाही बिया सोलायला बसवलं.

दुपारी ओल्या काजूंची उसळ, उकड्या तांदळाचा भात, खाडीतली तळलेली शेवटी मासळी. सगळं तिने केलेलं. मी मदतीला उठले तर ओरडा खाल्ला, कारण मी मिठाची बरणी भलतीकडे ठेवली होती. तिच्या स्वयंपाकघरात प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली आहे, आणि मी तिथे होते तेवढ्या वेळात ते सगळं विस्कटलं. चुलीकडे ती हात लांब करून जाते, पण चाचपडत नाही. पण हेही लिहायला हवं, की तिच्या कोपरावर भाजल्याचा डाग होता, ताजा, आणि मी विचारल्यावर तिने पदर ओढून घेतला.

जेवण झाल्यावर मी विषय काढला. ग्लोरियाने सांगितलेलं सगळं सांगितलं, दांड्यांसकट. लुदूबायने शांतपणे ऐकून घेतलं. मग उठून आत गेली आणि उशीखालून एक चिंधीची पुरचुंडी घेऊन आली. आत आमच्या आईची डबी. मुठीत मावेल एवढी, लाखेची, लाल, मधे पिवळ्या आणि हिरव्या रेषा. आत आईचा रोजार, काळ्या मण्यांची जपमाळ. लुदूबाय रोज संध्याकाळी तेर्साची प्रार्थना म्हणते ती याच माळेवर. डबीला झाकण नव्हतं. मागच्या उन्हाळ्यात ते तडकलं आणि दोन तुकडे झाले, म्हणून चिंधी.

"ह्याचां झाकण करून हाड," ती म्हणाली. "झाकण हाडलंस की मी येतंय. उघड्या डबयेन मी खंय जावचंय नाय."

झाकण आणलं की येणार, एवढंच. मला इतका आनंद झाला की मी तिथल्या तिथे ग्लोरियाला फोन केला. फोनच्या दोन्ही टोकांना आम्ही दोघी हसलो. लुदूबाय हसली नाही, पण तिने मला चहाबरोबर गूळ-नारळाच्या दोदोलाचा मोठा तुकडा दिला, हे मी शुभलक्षण समजले.

तिसऱ्या दिवशी डबी रुमालात गुंडाळून मी परत सावंतवाडीला. तुम्ही खेळणी घ्यायला जाणार असाल तर एक सांगते. बाजारातली चकचकीत फळं, लाकडी वांगी आणि सीताफळं छानच असतात, पण ज्या दुकानामागे लेथचा आवाज येतो तिथे जरा थांबा. मागे गेलं तर कोणी नाही म्हणत नाही.

पहिल्या दुकानात मालकाने डबी हातात घेतली, उलटी केली आणि मला नवीन डबी दाखवायला लागला. मी म्हटलं, फक्त झाकण हवंय. तो हसला. वाईट नव्हता हसला, आपण लहान मुलाला चंद्र मागताना बघून हसतो तसा. दुसऱ्या दुकानात बाईने सरळ सांगितलं की असं कोणी करत नाही.

तिसरं घर बाबल चिताऱ्याचं. साठीचा माणूस, अंगात बनियन, भुवयांवर लाकडाचा भुसा, आणि स्वतःविषयी अतिशय चांगलं मत. त्याची बायको सुमन दारात बसून लाकडी केळ्याला पिवळा रंग देत होती. बाबलने डबी उन्हात धरली आणि जाहीर केलं की हे त्याच्या वडिलांच्या हातचं काम आहे, रेषा बघूनच कळतं. सुमन मान वर न करता म्हणाली की या गावातली प्रत्येक जुनी डबी ह्यांच्या वडिलांनीच केलेली असते, बिचाऱ्यांना जेवायलासुद्धा वेळ मिळाला नसेल.

मग बाबलने मला समजावलं. डबी आणि झाकण एकाच लाकडातून निघतात. शिवणीच्या लाकडाचा एक तुकडा लेथवर चढवायचा, आधी झाकण कातून वेगळं करायचं, मग त्याच तुकड्यातून डबी, आणि डबीची मान झाकणाच्या मापाला घासत आणायची. दोघांच्या लाकडाच्या रेषा एक, म्हणून दोघं सारखीच फुगतात, सारखीच आकसतात. जुनी डबी वर्षांनुवर्षं वाळून गोल राहत नाही. डोळ्याला गोल दिसते, पण लंबगोल झालेली असते. त्याने एक पितळी कडी तिच्या मानेवर ठेवून दाखवली. कडी डुगडुगली. गोल झाकण अशा मानेवर बसत नाही. बसवायचं तर मान पुन्हा कातून गोल करावी लागेल, आणि ती आधीच कागदाएवढी. छिन्नी लागली आणि फुटली तर डबीही गेली. म्हणून आळीत पद्धतच आहे, झाकण गेलं की डबी घेऊन नवी द्यायची. जुन्या डबीला नवं झाकण कोणी करत नाही. आळीतल्या शेंबड्या पोरालासुद्धा हे माहीत असतं.

मी म्हटलं, माझी बहीण तर लहानपणी इथेच रंगवायला यायची, तिनेच मला पाठवलंय.

सुमनचा कुंचला थांबला. तिने आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "कित्याक धाडल्यान?" तिने विचारलं.

मी तिला झाकणाची अट सांगितली, मडगावची खोली सांगितली. तिने केळं बाजूला ठेवलं आणि अगदी हळू म्हणाली, "मगे तिका येवचां नाय आसा, वयनी. जां होना नाय म्हणान म्हायत, तांच तिने मागल्यान."

लग्नाला नाही म्हणायचं असेल तर वाघिणीचं दूध मागणाऱ्या गोष्टीतल्या राजकन्या असतात, त्यांतली एक माझी सत्तरी उलटलेली बहीण निघाली होती. आणि मी कॉन्व्हेंटमध्ये पहिल्या नंबराने पास झालेली मुलगी तिचं दूध आणायला भांडं घेऊन निघाले होते.

पण गोष्ट इथे संपली नाही, कारण बाबल. त्याने आमचं बोलणं ऐकलंच नव्हतं. तो डबी फिरवून फिरवून बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी शर्यतीआधी शाळकरी मुलांच्या तोंडावर पाहिलंय. "दुसरो कोण करूचो नाय," तो म्हणाला. "मी करतंय." फुटली तर काय, विचारल्यावर म्हणाला, फुटली तर फुटली, पण आपल्या हातची आजवर फुटली नाही. सुमन म्हणाली, फुटल्या त्या सगळ्या मांजराने पाडल्या.

तोवर एक वाजला. सावंतवाडीत एक ते चार काही मागू नका, अख्खं गाव जेवून आडवं होतं. बाबल म्हणाला चारला या, विचार करून या. डबी मी त्याच्याकडे न ठेवता बरोबर घेतली.

तळ्याकाठी एका खाणावळीत मी माशांचं ताट मागवलं आणि त्यातलं अर्धं तसंच ठेवलं. मग काठावरच्या बाकावर जाऊन बसले, झाडाखाली. समोर राजवाडा, पाण्यात त्याची सावली, आणि माझ्या मांडीवर रुमालात ती डबी. झाकण झालं नाही असं जाऊन सांगितलं तर लुदूबाय जिंकली. तिला घर, तिची मिठाची बरणी, तिची खाडी. आणि पुढच्या वेळी धुण्याच्या दगडापाशी हाड वाचेल की नाही कोण जाणे. झाकण करून नेलं तर ती येणार, कारण ती शब्द मोडणारी नाही. ग्लोरिया सुटेल, मी सुटेन. फक्त लुदूबाय मडगावला ग्लोरियाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात जाऊन बसेल, दांडे धरून, स्वतःच्याच अटीत अडकून.

ग्लोरियाला फोन करावा असं वाटलं. नाही केला. तिने दोन्ही बाजू लिहून उत्तर काढलं असतं, आणि ते बरोबर असतं.

चार वाजता मी बाबलकडे गेले आणि म्हटलं, करा. का म्हटलं ते तेव्हा मला नीट माहीत नव्हतं. एवढंच कळत होतं की आईच्या डबीला झाकण हवं. लुदूबायच्या येण्या-न येण्याचं काय ते तिच्या तोंडून ऐकायचं, डबीकडून नाही.

आता ते काम कसं झालं ते सांगते, कारण मी तिथून हलले नाही. बाबलने आधी एक साधा लाकडाचा तुकडा लेथवर कातून डबीच्या आतल्या पोकळीच्या मापाचा केला. अगदी हळूहळू, थांबून, मापून. मग डबी त्यावर उलटी, मोजा चढवावा तशी चढवली. "म्हातारीक भायरसून धरून चलना नाय," तो म्हणाला, "पोटातसून धरूची लागता." मोटर सुरू केली. डबी फिरायला लागली तशी तिचं लंबगोलपण दिसायला लागलं, मानेची कड हवेत थरथरत होती. त्याने लांब दांड्याची छिन्नी टेकवली न टेकवली. केसाहून बारीक भुसा उडाला. टिक्, टिक्, टिक् असा तुटक आवाज येत होता, कारण छिन्नी मानेच्या फुगलेल्या जागीच लागत होती. बाबलची बडबड बंद झाली होती. सुमनही रंगवायची थांबली होती. मी मनात काहीतरी म्हणत होते, ती प्रार्थना होती की नुसतं "नको, नको" होतं ते मला सांगता येणार नाही. मग टिकटिक एकमेकीत मिसळत गेली आणि एक अखंड सूं असा आवाज झाला. बाबलने मोटर बंद केली. मान गोल झाली होती. आणि शाबूत होती.

त्यानंतरचं सोपं, निदान बघायला. वाळलेल्या शिवणीचं झाकण त्याने चटकन कातलं. मधे पुन्हापुन्हा थांबवून डबीवर लावून बघे. लाखेची वेळ आली तेव्हा त्याने लाल कांडी उचलली आणि सुमनने ती त्याच्या हातातून काढून घेतली. नवी लाख लालभडक होती, डबीचा लाल आता वाळल्या मिरचीसारखा. मी म्हटलं, असू दे, माझ्या बहिणीला दिसत नाही. सुमन म्हणाली, "तिका दिसना नाय. पण तुमका दिसता मां." तिने लाल कांडी निखाऱ्यावर मऊ करून तिच्यात काळ्या लाखेचा एक कण मळला, ताणला, परत मळला, आणि मग नवऱ्याला दिली. फिरत्या लाकडावर कांडी दाबली की घासण्याच्या उष्णतेनेच लाख वितळून पसरते. वर केवड्याचं पान धरलं की चकाकी येते. तो वास आला आणि मला क्षणभर वाटलं, घंटा झाली, उशीर होतोय.

झाकण बसवून बाबलने ते माझ्या हातात दिलं. ओढलं तर आतल्या हवेने बारीकसा टप्प आवाज केला. पैसे सांगताना त्याने नव्या डबीएवढेच सांगितले. मी जास्त देऊ लागले तर म्हणाला, जास्त नको, फक्त त्या पहिल्या दुकानदाराला जाता जाता दाखवून जा. मी दाखवून गेले.

शेवटच्या गाडीने आरोंदा. खाडीवर अजून उजेड होता. लुदूबाय पडवीत होती. मी डबी तिच्या ओंजळीत ठेवली.

तिची बोटं आधी झाकणावर गेली आणि थांबली. मग तिने झाकण काढलं, मानेवर अंगठा फिरवला, झाकण लावलं, आणि धरून ते पुरतं एक फेरा फिरवलं. कुठे अडतंय का, कुठे सैल आहे का. सगळीकडे सारखं होतं. कोणी केलं, तिने विचारलं. मी नाव सांगितलं. "तेचो बापूस चार आणे कमी दियी," ती म्हणाली.

मी म्हटलं, "लुदूबाय, हे होत नसतं, तुला माहीत होतं."

"व्हय."

मी म्हटलं, तुझा शब्द मी धरत नाही. झाकण झालं म्हणून यायला हवं असं नाही. तुला काय हवंय ते तू सांग, ग्लोरियाला मी सांगते.

तिने डबी मांडीवर ठेवली. खाडीतून होडी जात होती, तिकडे तोंड केलं. "मडगावाक चेडवाचां घर बरां आसा," ती म्हणाली. "पण थंय मी आंधळी, फिलू. हंय माका फक्त दिसना नाय."

मला रडू आलं, ते तिला ऐकू गेलं असणार, कारण तिने लगेच आवाज बदलला. शब्द दिला तो दिला, म्हणाली, मी काही मागे घेणार नाही, मी येतेच आहे. पण झाकण म्हणजे काय ते तू शिकून आलीस का? आणि तिने मला आळीतला एक नियम सांगितला. नवं झाकण उन्हाळ्यात बसतं, त्यात काही नाही. खरी परीक्षा पावसात. हवेतल्या ओलीने लाकूड फुगतं, आणि वेगळ्या लाकडाचं झाकण असेल तर एकतर गच्च अडकतं नाहीतर चिरतं. जुने चितारी एक पाऊस काढल्याशिवाय झाकण झालं असं म्हणत नसत. "पावस जावंदे," ती म्हणाली. "मगे बघूया, झाकण झाला काय नाय तां."

मी आत जाऊन बाबलला फोन लावला. असा काही नियम आहे का, विचारलं. तो बराच वेळ घसा साफ करत राहिला. मग अगदी पडेल आवाजात म्हणाला, नियम आहे खरा. मागून सुमनच्या हसण्याचा आवाज आला.

म्हणजे लुदूबायला पाऊस मिळाला. पण आरोंद्याचा पाऊस मला माहीत आहे. अंगण शेवाळतं, वीज जाते, विहिरीपर्यंतची वाट साबणासारखी होते. ग्लोरियाच्या सगळ्या धास्त्या पावसात खऱ्या ठरण्यासारख्या. मी परत पडवीत आले आणि म्हटलं, ठीक आहे, पाऊस जाऊ दे. पण पावसाचे चार महिने मी इथे येऊन राहणार.

लुदूबायने विचार केला. मग म्हणाली, "र्‍हव. पण मिठाच्या बरणयेक हात लावचो नाय."

चौथ्या दिवशी परत निघाले. या वेळी आंबोलीने, सरळ. घाटात थंड होतं, मी शाल काढली. ग्लोरियाला गाडीतूनच सगळं सांगितलं. ती रागावली, म्हणाली तुम्ही दोघींनी मिळून मला फसवलंत. मी म्हटलं, मलाही त्यात धर, मीही फसले. दोन दिवसांनी तिचाच फोन आला. बाथरूममधले दांडे काढून आरोंद्याला पाठवते, सुतार कोणी ओळखीचा आहे का.

पुण्यात येऊन आता आठवडा झाला. दूधवाल्याला जूनपासून बंद सांगितलंय. कुंड्या शेजारणीकडे जातील. माझ्या वयात चार महिने घर सोडणं म्हणजे मुलांना वाटतं तितकं शूर काही नाही, आणि मला वाटलं होतं तितकं अवघडही नाही. झाकणाचं काय होईल ते मला माहीत नाही. कधी वाटतं टिकावं, बाबलसाठी आणि त्या गोल झालेल्या मानेसाठी. कधी वाटतं जरासं अडकावं, म्हणजे आणखी एक पाऊस मागता येईल. हे मी अजून ग्लोरियाला सांगितलेलं नाही.

तुम्हाला जायचं असेल तर मे संपायच्या आत सावंतवाडी बघून घ्या, एक ते चार सोडून. तिथून आरोंद्याची गाडी मिळते. पावसात आलात तर खाडीकाठच्या माडांमध्ये कौलारू घर विचारा आणि दारात उभं राहून हाक मारा. कडी काढायला वेळ लागेल, तेवढं थांबा. आत एकीला दिसत नाही आणि दुसरीचे गुडघे धरतात.